ललिताबाईंचं श्रेय एका थपडेला कशाला?

प्रश्न : आम्ही येवल्याचे. ललिता पवार आपल्या गावच्या, असं घरातली वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात आणि लगेच पुढची गोष्टही सांगतात. शूटिंगमध्ये एकाने जोरात थोबाडीत मारली, डोळा अधू झाला आणि म्हणून त्या खाष्ट सासू झाल्या. हे कितपत खरं? तसं झालं नसतं तर त्या नायिकाच राहिल्या असत्या का? आणि त्यांनी नाटकात का काम केलं नाही?
— एक वाचक, येवला (जि. नाशिक)

उत्तर : थोबाडीत बसली हे खरं. डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली हेही खरं. पण ‘म्हणून त्या खाष्ट सासू झाल्या’ हे मला अजिबात पटत नाही. एका बाईने साठ वर्षं कॅमेऱ्यासमोर उभं राहून जे कमावलं, ते सगळं या गोष्टीत एका पुरुषाच्या हातून झालेल्या चुकीच्या खात्यावर जमा होतं. तुमचा प्रश्न म्हणूनच सविस्तर उत्तर द्यावा असा आहे.

सुरुवात तुमच्या गावापासून करू. येवलं म्हटलं की लोकांना पैठणी आठवते, तात्या टोपे आठवतात आणि १३ ऑक्टोबर १९३५ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेली धर्मांतराची घोषणा आठवते. या रांगेत ललिता पवारांचं नाव सहसा कोणी घेत नाही. त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा. माहेरचं नाव अंबा, वडील लक्ष्मणराव सगुण. रेशमी आणि सुती कापडाचा त्यांचा व्यापार होता. येवल्यात रेशमाचा व्यापारी म्हणजे गावातलं खातंपितं, प्रतिष्ठेचं घर. अशा घरातली मुलगी त्या काळात सिनेमात गेली, हीच मुळात मोठी गोष्ट होती.

सिनेमा तेव्हा नाशिकला परका नव्हता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं होतं आणि १९१८ पासून त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकमध्येच चित्रपट काढत होती. तरी छोटी अंबा कॅमेऱ्यासमोर आली ती पुण्यात, सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांतून. इथे एक गोंधळ नेहमी होतो, तो दूर करतो. त्यांचा पहिला चित्रपट म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’चं नाव घेतलं जातं. फाळक्यांचा १९१३ सालचा तो हा नव्हे. हा १९२८ चा, त्याच कथेवरचा दुसरा मूकपट. फाळक्यांच्या हरिश्चंद्रात तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं, कारण त्या कामासाठी बाई मिळत नव्हती. पंधरा वर्षांनी त्याच कथेवरच्या चित्रपटात येवल्याची एक मुलगी काम करते, एवढ्यावरून मधल्या काळात किती अंतर कापलं गेलं ते दिसतं.

सुरुवातीच्या चित्रपटांत त्यांचं नाव ‘अंबू’ असं येई. मूकपटांच्या त्या वर्षांकडे कोणी फारसं लक्ष देत नाही, पण माझ्या मते ललिताबाईंची खरी शाळा तीच. आवाज नाही, गाणं नाही, टाळ्या घेणारा संवाद नाही. राग, कपट, भीती, लाचारी, जे काही सांगायचं ते भुवईने, मानेने, खांद्याने सांगायचं. शिवाय पौराणिक आणि मारधाडीच्या चित्रपटांत धावणं, पडणं, घोड्यावर बसणं हे सगळं आलंच. आपल्याकडचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत, त्यामुळे अंबूचं काम आपल्याला पाहता येत नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी दारात कोण आलंय ते प्रेक्षकाला कळायचं. ती शिकवण या वर्षांतली.

बोलपट आले आणि त्यांचं काही अडलं नाही, कारण त्यांना गाता येत होतं. ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) हा त्यांचा सुरुवातीचा बोलपट. पार्श्वगायन तेव्हा नुकतंच सुरू होत होतं, नायिकेने आपली गाणी स्वतः गायची हाच रिवाज होता आणि त्यात त्या गायल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या निर्मातीही झाल्या. ‘कैलाश’ (१९३२) हा मूकपट आणि टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ यांच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. विशीच्या आसपासची मराठी बाई रशियन कादंबरीवर चित्रपट काढते आणि त्यातलं मुख्य काम स्वतःकडे ठेवते. ‘दिसायला बरी होती म्हणून नायिका, डोळा गेला म्हणून खलनायिका’ या हिशेबात ही बाई बसत नाही. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि वि. स. खांडेकरांनी लिहिलेला ‘अमृत’ (१९४१) हेही याच काळातले.

आता नाटकाचं. तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण आपले मोठे चरित्र अभिनेते बहुतेक रंगभूमीवरून आले. डॉ. श्रीराम लागू वसंत कानेटकरांची आणि शिरवाडकरांची नाटकं करता करता पडद्यावर आले, आणि हे दोन्ही नाटककार नाशिकचे. सदाशिव अमरापूरकर नगरच्या हौशी रंगभूमीतून आले. निळू फुले लोकनाट्यातून आले. ललिताबाई मात्र थेट कॅमेऱ्यासमोर वाढल्या. याचं कारण त्यांच्या पिढीच्या परिस्थितीत आहे. १९२८ साली मराठी व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुषच करत होते आणि बालगंधर्वांचं राज्य चालू होतं. ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली आणि त्यात स्त्रियांची कामं स्त्रियांनी केली, ते साल १९३३. तोवर अंबू चार-पाच वर्षं चित्रपटांत रुळली होती. नाटकाचं दार तिच्यासारख्या मुलीसाठी उघडायच्या आधीच सिनेमाचं उघडलं होतं. मुलगी गेली ती उघड्या दारातून.

मग थपडेकडे येऊ. चित्रपट ‘जंग-ए-आझादी’, साल १९४२. प्रसंगात मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला आणि डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली. उपचार तीन वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. पडद्यावरची थप्पड म्हणजे खरं तर नजरबंदी असते. दोघांनी कोणत्या कोनात उभं राहायचं हे आधी ठरतं, हात गालाजवळून निघून जातो, मार खाणारा अचूक क्षणी मान झटकतो आणि आवाज नंतर भरला जातो. या सगळ्याची तालीम लागते. त्या दिवशी ती एका इंचाने किंवा एका क्षणाने चुकली आणि त्याची किंमत एकीलाच मोजावी लागली.

या गोष्टीत दोन तपशील नेहमी घातले जातात आणि दोन्ही तपासून घ्यायला हवेत. पहिला असा की, भगवान नवखे होते म्हणून असं झालं. भगवान १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पडद्यावर होते आणि ‘बहादूर किसान’च्या (१९३८) दिग्दर्शनातही त्यांचा हात होता. नवखे ते खचितच नव्हते. अपघात अनुभवी माणसाच्या हातूनही होतो. दुसरा तपशील असा की, तीन वर्षं त्या घरी बसल्या आणि मग चरित्र भूमिका घेऊन परत आल्या. पण प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली पडद्यावर आला आणि त्यात त्या आहेत. म्हणजे उपचार चालू असतानाच त्या कामावर उभ्या होत्या. लोक त्यांची गोष्ट ‘नशिबाने घात केला’ अशा सुरात सांगतात. मला त्यात आधी दिसतो तो हा हट्ट.

अपघात झाला नसता तर त्या नायिका राहिल्या असत्या का? फार तर आणखी चार-पाच वर्षं. दुर्गा खोटे पाहा. ‘अयोध्येचा राजा’मधली (१९३२) तारामती, आणि ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) सलीमची आई जोधाबाई. लीला चिटणीस पाहा. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ची (१९३९) नायिका आणि ‘आवारा’मध्ये (१९५१) राज कपूरची आई. या दोघींना कोणी थोबाडीत मारली नव्हती. तिशी ओलांडली की नायिकेने आई व्हायचं, हा या धंद्याचा अलिखित कायदा होता आणि आजही तो पुरता गेलेला नाही. नायक पन्नाशीतही नायकच राहतो, त्याच्या बरोबरीची नटी त्याची आई होते. अपघाताने ललिताबाईंच्या बाबतीत ही वेळ काही वर्षं अलीकडे आणली, एवढंच.

पुढे त्यांनी जे केलं ते मात्र सगळं त्यांचं. दुर्गाबाई आणि लीलाबाई बहुतेक वेळा सोसणाऱ्या, पदराने डोळे पुसणाऱ्या आया झाल्या आणि आपापल्या जागी दोघीही थोर. ललिताबाईंनी घरातली सत्ता हातात असलेली बाई उभी केली. सोसणाऱ्या बाईकडे लेखक दुःख देतो. सत्ता चालवणाऱ्या बाईकडे त्याला हेतू द्यावा लागतो, डाव द्यावा लागतो, भीती द्यावी लागते. नटीला खेळायला तिथे अंगण मोठं मिळतं.

याची पहिली ठळक खूण म्हणजे ‘रामशास्त्री’मधली आनंदीबाई. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री सगळ्यांना आठवतात. ज्या बाईच्या नावावर महाराष्ट्राने ‘ध’चा ‘मा’ चिकटवला, ती बाई पडद्यावर आणणं सोपं नव्हतं. प्रेक्षक तिचा निकाल घरूनच लावून आलेला असतो. डोळ्याच्या दुखण्यातून उठताना ललिताबाईंनी ही भूमिका घेतली. आपला चेहरा आता लोकांना गोड वाटणार नाही हे ओळखून त्यांनी त्या चेहऱ्याला मराठी इतिहासात सर्वांत जास्त नावं ठेवली गेलेली बाई दिली. नवऱ्याच्या, राघोबाच्या हातून न होणारं आनंदीबाई करते, दशरथाच्या घरात मंथरा करते, आणि सामाजिक चित्रपटात मवाळ नवऱ्याच्या घरात सासू करते. पुढची चाळीस वर्षं या तिन्ही बायका त्यांच्याकडे फिरून फिरून येत राहिल्या.

वयाचं गणित तर थक्क करणारं आहे. ‘दाग’मध्ये (१९५२) त्या दिलीपकुमारच्या आई. दिलीपकुमारचा जन्म १९२२ चा, म्हणजे मुलगा आईपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी लहान. त्या तेव्हा छत्तिशीत होत्या. त्या वयात म्हातारी उभी करायची तर केसांना पांढरा रंग लावून भागत नाही. कुठे बसताना गुडघ्यावर हात टेकायचा, हाक ऐकू आल्यावर मान किती उशिरा वळवायची, पायरी उतरताना नजर कुठे ठेवायची, हे सगळं शरीराला शिकवावं लागतं. मूकपटांची शाळा इथे कामाला आली.

आणि तो डोळा! त्यांनी तो लपवला नाही. डावा डोळा बारीक असल्याने त्यांच्या चेहऱ्याच्या दोन बाजू एकसारख्या नव्हत्या. तोंड एक बोलत असताना नजर काही वेगळंच ठरवत असल्याचा भास त्यातून होई. हीच गोष्ट खाष्ट सासूच्या दृश्यात संशय होऊन येते, आणि मायेच्या दृश्यात ‘मला सगळं कळतंय, पण बोलत नाही’ असं म्हणते. डोळा तोच. त्यामागची बाई प्रत्येक वेळी निराळी असे, आणि ती ठरवायच्या ललिताबाई.

याचा पुरावा हवा असेल तर एकाच साली आलेले चित्रपट शेजारी ठेवून पाहा. १९५५ साल घ्या. गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या सीतादेवी आहेत. श्रीमंत, इंग्रजी वळणाची, पुरुषजातीवर चिडलेली, भाचीच्या लग्नाला विरोध करणारी मावशी-आत्या छापाची बाई. त्याच साली राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये त्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई आहेत. ओरडणारी, भाव करणारी आणि मनाने लोण्याहून मऊ. एक सभा गाजवते, दुसरी फुटपाथवर बसते, आणि दोघींपैकी कोणीही दुसरीची आठवण करून देत नाही.

१९५९ मध्ये तर याहून मोठी जोडी आहे. बिमल रॉयच्या ‘सुजाता’मध्ये त्या सोवळं-ओवळं पाळणारी आत्या. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलीला घरात वाढवण्याला तिचा कडवा विरोध असतो. ज्या गावात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्याच गावची ही लेक अस्पृश्यतेवरच्या हिंदीतल्या एका महत्त्वाच्या चित्रपटात जातीची भिंत होऊन उभी राहते. ती भिंत पडद्यावर खरी वाटली नसती, तर चित्रपटाचं म्हणणं प्रेक्षकापर्यंत पोचलंच नसतं. आणि त्याच वर्षी हृषिकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’मध्ये त्या मिसेस डिसा. भाडेकरू राज कपूरला उठताबसता झापणारी आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारी ख्रिस्ती घरमालकीण. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. खाष्ट सासू म्हणून ज्यांचं नाव घराघरात विशेषणासारखं वापरलं जातं, त्यांना हा पुरस्कार मिळाला तो मायेच्या भूमिकेसाठी, हे आवर्जून लक्षात ठेवावं.

हृषिदांनी ललिताबाईंना जितकं ओळखलं तितकं क्वचितच कोणी ओळखलं असेल. ‘अनाडी’नंतर १९६१ मध्ये त्यांनी ‘मेम दीदी’ काढला आणि शीर्षक-भूमिकाच त्यांना दिली. सोबत डेव्हिड आणि जयंत, म्हणजे सगळी चरित्र कलावंतांचीच मैफल. पुढे ‘आनंद’मध्ये (१९७१) रुग्णालयातली कडक मेट्रन त्यांच्याचकडे आली आणि तिचं आडनावही पुन्हा डिसा.

१९६१ हे एकच साल पाहा. ‘जंगली’मध्ये घरात हसायला बंदी घालणारी खानदानी आई, ‘हम दोनो’मध्ये लढाईवर गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई, ‘संपूर्ण रामायण’मध्ये मंथरा आणि शिवाय ती मेम दीदी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्याच वर्षीचा. पुढच्याच वर्षी ‘प्रोफेसर’मध्ये म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर भाळणारी करारी बाई त्यांनी केली. कडकपणा वितळताना पाहून हसू येतं, पण त्या बाईची टिंगल होत नाही. उतारवयात कोणीतरी आपल्याकडे पाहतंय याचं जे नवल तिला वाटतं, ते त्यांनी पूर्ण गांभीर्याने केलंय, आणि म्हणूनच ते विनोदी झालंय.

प्रश्न : त्यांचं काम मोठं हे मान्य. पण सासू इतकी दुष्ट दाखवून या चित्रपटांनी बायकांवर अन्यायच केला नाही का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : केला. हे स्पष्ट म्हणायला हवं. व्ही. शांतारामांचा ‘दहेज’ (१९५०) घ्या. हुंड्याच्या प्रथेवर इतकं थेट बोलणारा चित्रपट त्या काळात धाडसाचाच होता. हुंडाबंदीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये आला. पण त्यातही हुंड्याची हाव बोलून दाखवण्याचं काम मुख्यतः सासूकडे, म्हणजे ललिताबाईंकडे येतं. जी रीत वडिलोपार्जित मालमत्ता, जात आणि पुरुषांचे व्यवहार यांच्यावर उभी होती, तिचा चेहरा म्हणून पडद्यावर एक बाई उभी केली गेली. घरातले पुरुष दुबळे, भोळे किंवा परगावी. शेवटी ते डोळे उघडून घर सावरतात आणि त्यांना टाळ्या पडतात.

हा दोष लेखक-दिग्दर्शकांचा आणि आपलाही. नटीच्या हाती असतं ते मिळालेल्या बाईला कारण देणं, आणि ललिताबाई ते देत. त्यांच्या सासवा लक्ष देऊन पाहिल्या तर त्यांच्या रागाखाली नेहमी काहीतरी गमावण्याची भीती दिसते. मुलगा हातचा जाईल, किल्ल्यांचा जुडगा जाईल, उद्या या घरात आपल्याला कोणी विचारणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात राहिलेल्या बाईला मिळालेली पहिली आणि शेवटची सत्ता म्हणजे सून. हे कोणत्याही संवादात लिहिलेलं नसतं. ते त्यांच्या कमरेला खोचलेल्या पदरात आणि बारीक होणाऱ्या डोळ्यात असतं. ‘सौ दिन सास के’ (१९८०) हा तर सगळा चित्रपटच सासूवर बेतलेला. तोवर त्यांचं नाव आणि ती भूमिका इतकी एक झाली होती की चित्रपटाच्या शीर्षकातच प्रेक्षकाला त्या दिसत होत्या.

इंग्लंडमधलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. मार्गारेट रदरफर्ड ही तिथली नाटक-चित्रपटांतली नावाजलेली चरित्र अभिनेत्री, जन्म १८९२ चा. लंडनच्या ओल्ड विक रंगभूमीवर ती पहिल्यांदा उभी राहिली १९२५ मध्ये, म्हणजे तिशी उलटून गेल्यावर. रूढ अर्थाने नायिका होण्याचा प्रश्नच नव्हता. नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइथ स्पिरिट’मधली आत्मे बोलावणारी मादाम आर्काती तिने आधी रंगमंचावर आणि मग १९४५ मध्ये पडद्यावर केली. १९६१ मध्ये, आपल्या ‘मेम दीदी’च्याच वर्षी, ती अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल होऊन एका चित्रपटाचं मुख्य पात्र झाली. तेव्हा ती ६९ वर्षांची होती आणि त्यानंतर आणखी तीन मार्पलपट तिने केले. पुढे ‘द व्हीआयपीज’साठी तिला ऑस्करही मिळालं. मला यात दिसतं ते हे की, तिथल्या लेखकांनी म्हाताऱ्या, विक्षिप्त, एकट्या बाईला बुद्धी दिली, काम दिलं, गोष्टीचं केंद्र दिलं. आपल्याकडे वय झालेल्या बाईला गोष्टीत जागा मिळे ती कोणाची तरी आई किंवा सासू म्हणून. मेम दीदी आणि मिसेस डिसा यांना स्वतःचं घर आहे, स्वतःचं म्हणणं आहे, आणि म्हणूनच त्या वेगळ्या उठून दिसतात. ललिताबाईंना अशा आणखी दहा भूमिका मिळायला हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत याची हळहळ मला थपडेपेक्षा जास्त वाटते.

तरुण वाचकांच्या घरात त्यांची ओळख बहुधा दूरदर्शनवरच्या ‘रामायण’मुळे असेल. २५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागरांची ती मालिका सुरू झाली आणि मंथरा पुन्हा ललिताबाईंकडे आली. ‘संपूर्ण रामायण’नंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर. दोन्ही मंथरा पाहता आल्या तर जरूर पाहा. पाठीला कुबड तेच, डोळ्यातलं विष तेच, पण मालिकेतली मंथरा घाईत नाही. कैकेयीच्या कानाशी ती शब्द ठेवते आणि थांबते. शब्द रुजायला वेळ लागतो हे तिला ठाऊक आहे. रविवारी सकाळी सगळं गाव टीव्हीपुढे बसलेलं असताना या म्हातारीने एकाच वेळी लक्षावधी घरांत राग उत्पन्न केला, तोही आवाज न चढवता.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधच्या घरी त्यांचं निधन झालं. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. संख्येपेक्षा मला कालावधी मोठा वाटतो. मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा काळ, स्टुडिओ बंद पडल्यावर एका दिवसात दोन-दोन चित्रपटांच्या शिफ्टचा काळ, रंगीत चित्रपट आणि शेवटी दूरचित्रवाणी. या प्रत्येक टप्प्यावर बरोबरीचे कितीतरी लोक गळून पडले. भूमिका लहान असेल तर थोड्या दिवसांत काम संपतं, एका वेळी अनेक चित्रपट घेता येतात आणि चित्रपट पडला तर खापर नायकाच्या माथी फुटतं. चरित्र अभिनेत्याच्या लांब कारकिर्दीमागे हा व्यवहारही असतो, आणि तो ओळखून वागणारी बाई धंद्याचीही हुशार असते.

आता शेवटचं, येवल्याच्या वाचकांसाठी : घरातल्या मुलांना ललिताबाईंचं काम दाखवायचं तर कुठून सुरुवात करावी? ‘अनाडी’पासून करा, म्हणजे त्यांच्या मनात पहिली ललिता पवार मिसेस डिसा असेल. मग ‘श्री ४२०’ दाखवा, त्यातली केळीवाली बघायला मुलांना मजा येईल. त्यानंतर ‘सुजाता’, आणि तो पाहिल्यावर मुलांशी थोडं बोला, कारण त्या आत्याचं वागणं चुकीचं का हे त्यांना विचारायचं असेल. ‘जंगली’ आणि ‘प्रोफेसर’ एका सुट्टीत उरकता येतील. ‘रामशास्त्री’ मात्र जुन्या मराठीची सवय झाल्यावर, थोड्या मोठ्या मुलांना, शक्य तर आजी-आजोबांसोबत दाखवा. आनंदीबाई पडद्यावर आली की थपडेची गोष्ट सांगायची असेल तर सांगा. पण त्या प्रसंगानंतर दोन वर्षांतच ही बाई प्रभातच्या चित्रपटात आनंदीबाई म्हणून उभी होती, हेही त्याच वाक्यात सांगा.